कोकणच्या किनाऱ्यावरील पुरातन स्थळे : एक अभ्यास-सहल



येत्या हिवाळ्यात आमच्या भागातील चार-पाच बेने इस्राएल कुटुंबे मुलाबाळांसह महाराष्ट्रात जाणार आहेत. ही मुले येथे क्युपर्टिनोत व आसपासच्या गावांत वाढलेली. त्यांच्या आईबापांनी आम्हांस विचारले, "सर, आठ-नऊ दिवस हाताशी आहेत. मुलांना आपल्या पूर्वजांच्या खुणा दाखवायच्या आहेत. कुठे कुठे जावे ते लिहून द्याल का?" शिक्षकाचा पेशा सुटला तरी सवय सुटत नाही. आम्ही लगेच होकार दिला आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पण पहिल्याच ओळीला अडलो, त्याला एक कारण घडले होते.

आमची नात येथे सातवीत शिकते. शाळेत तिला आपल्या घराण्याचा इतिहास लिहून आणावयास सांगितला होता. तिने आम्हांस विचारून लिहिले, "माझे पूर्वज बावीसशे वर्षांपूर्वी इस्राएलहून निघाले व कोकणात नवगावच्या किनाऱ्यावर त्यांचे जहाज फुटले." बाईंनी समासात लाल शाईने एवढेच लिहिले : "हे कशावरून?" नात वही घेऊन आमच्याकडे आली. "आजोबा, कशावरून?"

आम्ही उभ्या आयुष्यात शेकडो वह्यांच्या समासात हाच प्रश्न लिहिला. तो आमच्याकडे परत आला तेव्हा आमच्यापाशी चटकन उत्तर नव्हते. शिवाय एक गोष्ट मनाला टोचू लागली. रविवारच्या वर्गात आम्ही स्वतःच मुलांना शिकवीत असू की, "तनाखातील ओफीर म्हणजेच आपले सोपारा, तेव्हा शलोमो राजाच्या काळापासून आपले येणे-जाणे आहे." हे आम्ही कधी तपासले नव्हते. ऐकले होते, आवडले होते, म्हणून सांगितले होते.

म्हणून ही सहल आखताना आम्ही एक नियम केला. प्रत्येक मुक्कामी मुलांनी तीन प्रश्न विचारावयाचे : येथे काय दिसते? त्यावरून काय ठरते? आणि काय ठरत नाही? गाइड पहिल्या प्रश्नाचे उत्तर देईल. उरलेल्या दोहोंसाठी हा पाठ आहे.

पहिला मुक्काम : सोपारा

मुंबईहून लोकलने नालासोपाऱ्यास उतरावे. स्टेशनाच्या पश्चिमेस जुने सोपारा गाव आहे. आज खाडी गाळाने भरली आहे, तेव्हा हे मोठे बंदर होते असे सांगून मुलांना खरे वाटणार नाही. येथे "बुरूड राजाचा कोट" ह्या नावाने ओळखला जाणारा विटांचा स्तूप आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खणला. पोटात दगडी पेटी, पेटीत एकात एक बसविलेले करंडक, सोन्याची फुले आणि यज्ञश्री सातकर्णी ह्या सातवाहन राजाचे चांदीचे नाणे निघाले. त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आज्ञापत्राचा तुकडा मिळाला व १९५६ साली जवळच्या भुईगाव येथे दुसरा. दगडावरील ती अक्षरे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहावयास मिळतात.

आता ओफीरचा प्रश्न. राजे यांच्या पहिल्या पुस्तकात, नवव्या अध्यायात, शलोमो राजाने एत्स्योन-गेबेर येथे जहाजे बांधली व ओफीरहून ४२० किक्कार सोने आणविले असे लिहिले आहे. ओफीर नावाचा व्यापार काल्पनिक नव्हता. तेल अवीवजवळ तेल कासिले येथे १९४६ साली एक खापर मिळाले. त्यावर ओफीरच्या सोन्याचा, बेथ-होरोनसाठी तीस शेकेल, असा हिशेब लिहिलेला आहे. इस्राएलमधील आमच्या वाचकांना ती टेकडी घरच्या अंगणासारखी आहे.

पण ओफीर होते कोठे, हे ते खापर सांगत नाही. कोणी अरबस्तान म्हणतात, कोणी आफ्रिका, कोणी सोपारा. सोपाऱ्याचा सर्वांत जुना लेख अशोकाचा, म्हणजे इ.स. पूर्व तिसऱ्या शतकातला. शलोमो राजा त्याच्याही सुमारे सातशे वर्षे आधीचा. नावे सारखी वाटतात, एवढ्या धाग्यावर सातशे वर्षांचे ओझे टांगता येत नाही. तेव्हा ज्या विद्यार्थ्यांना आम्ही "ओफीर म्हणजेच सोपारा" असे शिकविले, त्यांच्यापैकी कोणी हे वाचीत असतील तर त्यांनी वहीतील ते वाक्य खोडून "असे काहींचे मत आहे" असे लिहावे. चूक आमची होती.

दुसरा मुक्काम : कान्हेरी

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. सोमवारी उद्यान बंद असते, हे लक्षात ठेवावे. येथे डोंगरभर पाण्याची टाकी खोदलेली आहेत आणि भिंतींवर देणगीदारांचे लेख आहेत. कोणी कल्याणचा, कोणी सोपाऱ्याचा, कोणी "चेमुल"चा. चेमुल म्हणजे आपले चौल. ज्या किनाऱ्याला आपण आपला मूळ किनारा म्हणतो तेथील माणसाने पाण्याचे टाके खोदविले व आपले गाव दगडावर लिहून ठेवले, हे पाहून आम्हांस फार आनंद झाला होता.

मात्र मुलांना घेऊन नव्वद क्रमांकाच्या लेण्यापाशी मुद्दाम थांबावे. तेथे पहलवी लिपीत काही लेख कोरलेले आहेत. इ.स. १००९ व १०२१ ह्या वर्षी पारशी मंडळी लेणी पाहावयास आली होती. त्यांनी तारखेसह आपली नावे कोरून ठेवली. आज हजार वर्षांनी कोणी पारशी मुलाला "तुम्ही येथे केव्हापासून?" असे विचारले, तर तो ह्या भिंतीकडे बोट दाखवू शकतो.

आपल्या पूर्वजांनी कान्हेरीत एक अक्षर कोरलेले नाही, निदान आजवर मिळालेले नाही. लहानपणी ह्या भिंतीपुढे उभे असताना आम्हांस पारशांचा हेवा वाटला होता. तो हेवाच पुढे आम्हांस ओफीरपर्यंत घेऊन गेला असावा. पुरावा नसला की माणूस मोठा पुरावा शोधू लागतो.

तिसरा मुक्काम : नाशिकची पांडवलेणी

नाशिकला चांगल्या शेदीडशे मैलांचा फेरा पडतो, मग बेने इस्राएल मुलांना तेथे कशाला न्यावयाचे, असे पालक विचारतील. एका ओळीसाठी न्यावयाचे. तेथील एका लेण्यात आभीर राजा ईश्वरसेन याच्या कारकिर्दीतील लेख आहे, इ.स. तिसऱ्या शतकातला. विष्णुदत्ता नावाच्या शक स्त्रीने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी काही रक्कम कायम ठेव म्हणून ठेवली. ठेवली कोणाकडे? कारागिरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे. त्यांत कुंभार होते, पाण्याची यंत्रे करणारे होते आणि "तिलपिषक", म्हणजे तीळ गाळणारे तेली होते.

कोकणात आपल्याला "शनिवार तेली" म्हणत. घाणा चालवून तेल गाळणारे व शनिवारी बैल न जुंपणारे लोक. आम्ही लहान असताना शाळेत कोणी "तेली" म्हणून हाक मारली की रडू येई. आई समजूत घाली, "अरे, शनिवार म्हणतात ना, मग लाज कसली?" पुढे पुष्कळ वर्षांनी हा लेख वाचला तेव्हा कळले की, अठराशे वर्षांपूर्वी ह्याच मुलखात तेल्यांचा संघ एवढा विश्वासाचा होता की, लोक त्याच्याकडे बँकेप्रमाणे ठेव ठेवीत.

ह्यावरून काय ठरते? तेल गाळण्याचा धंदा येथे जुना, संघटित व प्रतिष्ठित होता. जहाज फुटून आलेल्या माणसांनी तो धरला असेल तर ती हलकी निवड नव्हती. काय ठरत नाही? ते तिलपिषक बेने इस्राएल होते, असे मुळीच ठरत नाही. तेली येथे आपल्याशिवायही पुष्कळ होते व आहेत. शनिवार पाळणाऱ्यांचा त्या लेखात उल्लेख नाही.

चौथा मुक्काम : कार्ले

लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या डोंगरात मोठे चैत्यगृह आहे. दोन हजार वर्षांपूर्वीची लाकडी कमानीची फासळी अजून छताला लागून आहे, ती वर मान करून अवश्य पाहावी. खांबांवर देणगीदारांची नावे आहेत. त्यांत "धेनुकाकटचा यवन" असा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. यवन म्हणजे पश्चिमेकडून आलेला परका, बहुधा ग्रीक.

येथे एक सावधगिरीची सूचना. "यवन म्हणजे परदेशी, तेव्हा त्यांत यहुदीही असणार," असे एखादा उत्साही सोबती म्हणेल. आम्हीही एके काळी म्हणालो असतो. पण ह्या यवनांनी बौद्ध संघाला खांब दिले आहेत, आणि त्यांपैकी पुष्कळांची नावे सरळ इथली आहेत. ज्या समाजाने दुसरे सारे विसरून "शेमा इस्राएल" तेवढे जपले, त्याच्या पूर्वजाचे नाव चैत्यगृहाच्या खांबावर शोधणे हे त्या पूर्वजाला न्याय देणारे नाही.

तरीही कार्ले उपयोगाचे आहे. बंदरावर उतरलेला परका माणूस घाट चढून वर येई, स्थायिक होई, दानधर्म करी, इथली नावे घेई, हे येथे दगडावर लिहिलेले आहे. परक्याला सामावून घेण्याची ह्या मुलखाची रीत जुनी आहे. आपल्याही वाट्याला तीच आली. मुलांना सांगावे की, आपल्या लोकांना कोकणात कोणी धर्मावरून छळले नाही. ही आठवण आपल्या समाजाने पिढ्यान् पिढ्या कृतज्ञतेने जपली आहे.

पाचवा मुक्काम : कुडे लेणी

कार्ल्याहून बोरघाट उतरून खोपोली, पेण, माणगाव करीत तळ्याकडे वळावे. राजपुरीच्या खाडीच्या वरच्या अंगाला, मांदाडजवळ, कुड्याची सव्वीस लेणी आहेत. गर्दी नसते, वाट शांत असते. येथील देणगीदारांत वैद्याचा मुलगा आहे, माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे. राजेरजवाड्यांपेक्षा ही माणसे मुलांना जवळची वाटतात.

खाडीकडे तोंड करून उभे राहावे आणि मुलांना मोसमी वाऱ्यांचा धडा द्यावा. इ.स. पहिल्या शतकात एका ग्रीक नाविकाने "पेरिप्लस" नावाची व्यापारी मार्गदर्शिका लिहिली. तिच्यात ह्या किनाऱ्यावरील बंदरांची ओळीने नावे आहेत : सुप्पारा, कल्लिएना, सेमुल्ला, मंदगोरा. म्हणजे सोपारा, कल्याण, चौल आणि, पुष्कळ विद्वानांच्या मते, हे मांदाड. मिसरच्या तांबड्या समुद्रावरील बेरेनिके ह्या बंदरातून जहाजे नैर्ऋत्येचा वारा घेऊन इकडे येत व वारा उलटला की परत जात. बेरेनिकेच्या उत्खननात हिंदुस्थानी मडक्यात भरलेली साडेसात किलो काळी मिरी मिळाली, सागवानी लाकूड मिळाले, आणि २०२२ साली तर बुद्धाची मूर्तीही मिळाली. ह्यावरून समुद्राची वाट होती हे निर्विवाद ठरते. त्या वाटेवरून आपले सात स्त्रिया व सात पुरुष आले, हे मात्र वाटेवरून ठरत नाही.

सहावा मुक्काम : चौल आणि रेवदंडा

नारळी-पोफळीच्या वाड्यांतून चौलचा रस्ता जातो. रेवदंड्याचा पोर्तुगीज किल्ला सर्वांना ठाऊक असतो. त्याच्या कितीतरी आधीचे बंदर वाड्यांच्या मातीखाली आहे. ह्या शतकाच्या आरंभी पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी येथे शोध घेतला, तेव्हा सातवाहन काळातील वस्तीचे अवशेष व भूमध्य समुद्राकडील कुपींची, म्हणजे दारू-तेल भरून आणण्याच्या मोठ्या मडक्यांची, खापरे मिळाली. म्हणजे पेरिप्लसमधील सेमुल्ला नुसते कागदावरचे नव्हते.

मध्ययुगात अरब लेखक ह्या बंदराला "सैमूर" म्हणत. अल मसूदी इ.स. ९१६ च्या सुमारास येथे येऊन गेला व बसरा, बगदाद, सिराफ, ओमानकडील मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी वस्ती त्याने पाहिली. त्याच शतकातील मिसअर बिन मुहलहिल ह्या प्रवाशाच्या आधाराने तेराव्या शतकातील कझवीनी लिहितो की, सैमुरात मुसलमान, ख्रिस्ती, यहुदी व अग्निपूजक राहतात, आणि तेथे मशिदी, चर्चे, सिनेगॉग व अग्यारी आहेत.

वाचकहो, ही ओळ आम्ही प्रथम वाचली तेव्हा उठून घरात फेऱ्या मारल्या होत्या. चौलात सिनेगॉग! नवगावपासून दिवसभराच्या चालीवर! परंतु नियम तो नियम. काय ठरते? दहाव्या शतकाच्या सुमारास ह्या किनाऱ्यावर यहुदी होते, असे एक लेखक दुसऱ्याच्या हवाल्याने सांगतो. ते यहुदी आपले पूर्वज होते की बगदादहून आलेले व्यापारी होते, हे तो सांगत नाही. त्या प्रवाशाच्या इतर काही हकिकतींवर विद्वानांचा फारसा विश्वासही नाही. सिनेगॉगची एक वीटदेखील अजून मिळालेली नाही.

तरीसुद्धा मुलांना चौलात एक काम द्यावे. आपल्या ओळखीच्या कुटुंबांची आडनावे आठवून नकाशावर गावे शोधावीत : चेऊलकर, रोहेकर, पेणकर, अष्टमकर, झिराडकर, नवगावकर, केहिमकर. आपली जुनी आडनावे बहुतेक गावांवरून पडली, आणि ती गावे सारी ह्याच पट्ट्यात, घाटाखाली व समुद्राकाठी आहेत. ही माणसे अनेक पिढ्या येथे घरदार करून राहिली, एवढे ह्यावरून खात्रीने ठरते. कोठून आली, हे ठरत नाही.

सातवा मुक्काम : नवगाव

शुक्रवारी दुपारपर्यंत अलिबागला पोहोचावे म्हणजे शब्बाथ तेथे करता येईल. इस्राएल आळीत १८४८ साली स्थापन झालेले मागेन आबोथ सिनेगॉग आहे. आता तेथे थोडीच घरे उरली आहेत, तेव्हा मिन्यान जमेल की नाही ह्याची आधी चौकशी करावी. तुमच्यासोबत तेरा वर्षांवरील मुलगे असतील तर स्थानिक मंडळींना आनंदच होईल.

रविवारी सकाळी नवगावास जावे. समुद्राकाठी आपली जुनी दफनभूमी आहे. परंपरा सांगते की, जहाज फुटल्यावर वाहून आलेली प्रेते गावकऱ्यांनी येथे पुरली, पुरुष एका उंचवट्याखाली व स्त्रिया दुसऱ्या उंचवट्याखाली. शेजारी आधुनिक स्मारकस्तंभ आहे. त्या दोन उंचवट्यांवर मात्र अक्षर नाही.

काय दिसते? माती आणि गवत. काय ठरते? पुराणवस्तुशास्त्राच्या कसोटीवर म्हणाल, तर जवळजवळ काहीच नाही.

परंपरेच्या बाजूने जे बोलले जाते तेही मुलांना सांगावे. हाईम शमुवेल केहिमकर यांनी १८९७ साली आपला इतिहास लिहून पुरा केला, तो १९३७ साली तेल अवीवमध्ये छापला गेला. त्यांनी आगमनाचा काळ इ.स. पूर्व १७५ च्या सुमारास धरला, अंतियोख राजाच्या जुलमाच्या दिवसांत. आपल्या पूर्वजांना हनुका ठाऊक नव्हता, म्हणजे मक्काबींच्या विजयापूर्वी ते निघाले असावेत, असे एक कारण देतात. युक्तिवाद सुंदर आहे, पण अपुरा आहे. पुष्कळ गोष्टी मागाहून विसरल्याही जातात. शिवाय किनाऱ्यावर आलेल्या चौदा देहांची कथा चित्पावनांच्या परंपरेतही आहे, हे साम्य विद्वानांनी दाखविलेच आहे. आपल्या समाजाचा नावानिशी स्पष्ट लेखी उल्लेख मिळतो तो सार्टोरियस ह्या मिशनऱ्याच्या १७३८ सालच्या पत्रात. २०१६ साली तेल अवीव व कॉर्नेल विद्यापीठांच्या संशोधकांनी रक्ताची तपासणी प्रसिद्ध केली. तीत आपल्यामध्ये हिंदुस्थानी व यहुदी असे दोन्ही वारसे आढळले. साल मात्र रक्तही सांगत नाही.

येथे कोणी तरुण म्हणेल, "मग खणून का पाहत नाही?" प्रश्न योग्य आहे. पारशांचीही संजाण बंदराची कथा आहे. तेथे २००२ ते २००४ मध्ये उत्खनन झाले आणि जुन्या वस्तीचे व दख्म्याचे अवशेष मिळाले. आपणही चौलच्या वाड्यांत, खाड्यांच्या मुखाशी अधिक शोध व्हावा म्हणून अवश्य खटपट करावी. पण नवगावचे ते दोन उंचवटे? मेलेल्याची कबर उकरणे आपल्या धर्माला मान्य नाही. ज्यांनी दुसरे काही न आणता फक्त धर्म आणला, त्यांचा पुरावा मिळविण्यासाठी त्यांचाच धर्म मोडावयाचा काय? आम्ही ह्यावर पुष्कळ विचार केला. आमचे उत्तर "नाही" असे आहे. तेथे पुरावा असेल तर असू द्यावा. तो मातीतच राहू द्यावा.

पुरावा कोणी मागावा?

आमच्या पिढीला पुराव्याची एवढी ओढ का, हेही मुलांना समजले पाहिजे. १९६२ साली इस्राएलमध्ये मुख्य धर्मपीठाने बेने इस्राएल वधूवरांच्या वंशाची चौकशी करण्याच्या सूचना दिल्या. आपले लोक यरुशलेममध्ये धरणे धरून बसले. अखेर १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटने ठराव केला की, बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत. ती लढाई शिलालेख दाखवून जिंकलेली नाही. तेव्हा आमच्या वडीलधाऱ्यांपाशी एकही शिलालेख नव्हता. "आम्ही शब्बाथ पाळतो, मुलाची आठव्या दिवशी सुंता करतो, शेमा म्हणतो," एवढेच ते सांगू शकत होते, आणि ते खरे होते. परंतु "कशावरून?" हा शब्द तेव्हापासून आमच्या घरांत जखमेसारखा राहिला. बाईंनी नातीच्या वहीत तो निर्मळ मनाने लिहिला, तरी आम्हांस तो दुखला, तो ह्यामुळे. अधिकाराने मागितलेला पुरावा आणि जिज्ञासेने विचारलेला प्रश्न ह्यांत फरक असतो. तो आम्हांस नातीच्या वहीने शिकविला.

आणखी एक गोष्ट जवळची सांगतो. आम्ही राहतो त्या गावाचे नाव १७७६ साली एका स्पॅनिश मोहिमेने येथील ओढ्याला दिलेल्या नावावरून पडले. त्याच्या आधी हजारो वर्षे येथे ओलोनी लोक राहत होते. त्यांनी शिलालेख कोरले नाहीत. म्हणून ते येथे नव्हते असे आज कोणी म्हणत नाही. लिहिलेले नसणे म्हणजे नसणे नव्हे. पण लिहिलेले नाही ते लिहिलेले आहे असे भासविणेही बरे नव्हे.

केंब्रिज विद्यापीठात "नॅश पपायरस" नावाचा एक फाटका कागद आहे. तो मिसरमध्ये मिळाला व साधारणपणे इ.स. पूर्व दुसऱ्या शतकातला मानला जातो. त्यावर दहा आज्ञा आहेत आणि त्यांच्या खाली शेमाची सुरुवात आहे. परंपरा आपल्या पूर्वजांना ज्या शतकात जहाजात बसविते, त्याच सुमारास कोणीतरी तो शेमा लिहून ठेवला. कागद फाटला, अर्धी अक्षरे गेली. नवगावात कोणी काही लिहिले नाही, पण शेमा राहिला. हाही पुरावा नव्हे, हे आम्ही नियमाप्रमाणे नोंदवितो.

नातीने आपले वाक्य दुरुस्त केले. आता ते असे आहे : "माझ्या समाजाची परंपरा सांगते की, आमचे पूर्वज सुमारे बावीसशे वर्षांपूर्वी नवगावच्या किनाऱ्यावर आले. त्या काळी तेथे पश्चिमेकडून जहाजे येत असत, हे उत्खननांतून सिद्ध झाले आहे. आमच्या समाजाचा स्पष्ट लेखी उल्लेख १७३८ सालचा आहे. त्याआधी आम्ही शब्बाथ पाळत होतो, म्हणून लोक आम्हांला शनिवार तेली म्हणत." ती म्हणाली, "आजोबा, पहिले वाक्य मोठे वाटत होते. हे जरा लहान झाले." आम्ही म्हटले, "लहान झाले खरे, पण आता समासात कोणी काही लिहिणार नाही." बाईंनी खाली फक्त बरोबरची खूण केली.

सहलीस निघणाऱ्यांसाठी स्वाध्याय

१. प्रत्येक मुक्कामी वहीत तीन रकाने आखा : दिसते, ठरते, ठरत नाही. तिसरा रकाना रिकामा ठेवू नका.

२. आजी-आजोबांना विचारून घरातील जुने सण लिहून काढा : खिरीचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा रोजा. आज सिनेगॉगच्या पंचांगात त्यांना काय म्हणतात ते शोधा.

३. आपल्या आडनावाचे गाव नकाशावर शोधा. जमल्यास तेथे जा व गावातील वृद्धांना "शनिवार तेली" हा शब्द आठवतो का ते विचारा. उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा. त्यात सुधारणा करू नका.

४. नवगावास पोहोचल्यावर फोटो काढण्याआधी सर्वांनी मिळून एकदा शेमा म्हणा.

परत आल्यावर वह्या आम्हांस जरूर दाखवाव्यात. लाल पेन आम्ही अजून जपून ठेवले आहे.